गुलाबाचं भांडं

१

सायकलच्या चाकात हवा भरताना वासू शिट्टी वाजवायचा. तीनच सूर. त्यातला शेवटचा नेहमी बेसूर, कारण त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि हवा तिथून निसटायची. दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दर शुक्रवारी सकाळी तो सायकली उलट्या करून बसायचा आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अरे, सूर तरी बदल!" लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्याने बदलला नाही.

सायकलींचं हे वेड त्याला दत्तारामने लावलं. दत्ताराम राजापूरकडचा, जबल अली बंदरात क्रेन चालवायचा. वासू तिथल्याच एका गोदामात सुपरवायझर होता. दत्ताराम एकटाच राहायचा, कंपनीच्या खोलीत, आणखी सात जणांबरोबर, त्यामुळे शुक्रवारचं जेवण आमच्याकडे. जेवणाआधी दोघं सायकलींना तेलपाणी करायचे. वासूचा उजवा गुडघा दुखरा. चढ आला की तो विव्हळायचा आणि दत्ताराम त्याला "चला म्हातारबुवा" म्हणून ढकलायचा. दुबईच्याच सतवा भागातून दोन सेकंडहँड सायकली आणल्या होत्या. मग माझ्यासाठी तिसरी आली. मी एका भारतीय शाळेत रसायनशास्त्र शिकवते, तेव्हाही शिकवत होते. सायकलवर बसलेली टीचर बघून मुलं हसतील म्हणून मी फक्त शहराबाहेर चालवायचे.

माझा एक हट्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्या घरून कोणाचं भांडं रिकामं परत जात नाही. शेजारणीने वाटीभर काही पाठवलं तर वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी हवं, अगदी काही नसलं तर चमचाभर साखर. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मरियमबीकडेही हीच रीत. परिणामी एक स्टीलचा डबा दोन वर्षं तिच्या नि माझ्या घरात येरझाऱ्या घालत होता. तिची बिर्याणी, माझ्या पुरणपोळ्या, तिच्या शेवया, माझं थालीपीठ. थांबायचं कोणी?

"एकदा रिकामा पाठव आणि खलास कर ना," वासू म्हणायचा. "दोघींपैकी एकीने तरी बॅड मॅनर्स दाखवल्याशिवाय हे मिटणार नाही."

"मी मुळीच दाखवणार नाही," मी म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता.

२

नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत ईदची सुट्टी लागली तेव्हा आम्ही तिघं निघालो. कंपनीच्या पिकअपने सायकली धैद गावापर्यंत, तिथून सायकलने मसाफी, मग डोंगर ओलांडून डिब्बा, म्हणजे समुद्र. आमची मिहिका सात वर्षांची होती, तिला शेजारच्या हेमाकडे ठेवलं. मी रव्याचे लाडू आणि पातळ पोह्यांचा चिवडा बांधून घेतला. माझ्या डाव्या अंगठ्यावर किसणीने कापल्याची एक आडवी खूण आहे. लाडवावर बेदाणा दाबताना ती खूण लाडवावर उमटते. मिहिका तिला आईचा स्टॅम्प म्हणते.

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी, ईदच्या सकाळी, मसाफी सोडून दीड तास झाला असेल, तर दत्तारामच्या मागच्या चाकातली हवा गेली. रस्त्याच्या डाव्या हाताला एक फाटा होता आणि फाट्याच्या टोकाशी घरं दिसत होती. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवावी लागते, आणि आमच्या बाटल्यांतलं पाणी पिण्यापुरतंच होतं. म्हणून आम्ही सायकली हातात धरून त्या घरांकडे चालत गेलो.

सरकारने बांधून दिलेल्या एकसारख्या बैठ्या घरांची वस्ती होती. तीन रांगा. प्रत्येक घराला पुरुषभर उंचीची भिंत, लोखंडी फाटक आणि फाटकात एक छोटं दार. ईदचा दिवस, पण रस्त्यात एक पोर नव्हतं. नवे कपडे घालून भटकणारी मुलं नाहीत, मोटार नाही, मांजर नाही. म्हटलं, नमाज आटोपून सगळे नातेवाइकांकडे गेले असतील. ते पटण्यासारखं होतं.

न पटण्यासारखी गोष्ट वासूच्या लक्षात आली. "सुचि, एसी ऐक."

सगळ्या घरांचे एसी चालू होते. डोंगरातला जानेवारी, आम्ही स्वेटर घातलेले, आणि तिन्ही रांगांमधल्या एकूण एक खिडक्यांतून एसीची ती जड घरघर येत होती. प्रत्येक खिडकीखाली पाणी ठिबकून ओला डाग पडला होता.

"बिल शेख भरत असतील," दत्ताराम म्हणाला. आम्ही हसलो.

शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या घराचं फाटक मी ठोठावलं. बाईमाणसाने ठोठावलेलं बरं. बराच वेळ काही झालं नाही. मग छोटं दार वीतभर उघडलं आणि आतून एका हाताने भांडं बाहेर ठेवलं. पांढरं इनॅमलचं मोठं भांडं, बाहेरून लाल गुलाब, काठाला एका जागी टवका उडालेला. त्यात काठोकाठ पाणी. हात काळ्या बाहीतला होता, मेंदी काढलेला. मी अजून तोंडाने काही मागितलंच नव्हतं.

"शुक्रन," मी म्हटलं. दार लागलं.

दत्तारामने ट्यूब बुडवली, बुडबुडे सापडले, कानस घासली, सोल्यूशन लावलं, पॅच दाबला. वासूने हवा भरली. तीन सूर, शेवटचा बेसूर. मग मी भांडं विसळलं, ओढणीने पुसलं आणि त्यात चार लाडू ठेवले.

"वैनी, ते पाण्याचं भांडं आहे," दत्ताराम म्हणाला. "पाण्याच्या बदल्यात कोण काय देतं?"

"ईद आहे भावजी."

वासूने आकाशाकडे बघून हात जोडले. "आता यांचाही डबा सुरू." मी फाटकावर टकटक केली, भांडं दाराशी ठेवलं, आणि आम्ही निघालो.

३

वस्तीपासून मुख्य रस्ता दोनेक किलोमीटरवर होता. येताना तेवढंच चाललो होतो. डोंगर डाव्या हाताला ठेवून आम्ही निघालो. वासूच्या सायकलला किलोमीटर मोजणारं मीटर होतं. दोन झाले, तीन झाले, पाच झाले. रस्ता डांबरी, एकच, कुठेही फाटा नाही. साडेसहा किलोमीटरला घरं दिसली. तीन रांगा.

"दुसरी वस्ती," वासू म्हणाला. "सरकारी काम. एकाच छापाचं सगळीकडे."

रस्त्याच्या मधोमध भांडं ठेवलेलं होतं. लाल गुलाब, काठाला टवका. वर एक स्वच्छ ताटली झाकलेली.

मी ताटली उचलली. आत रव्याचे लाडू होते. आठ.

दत्ताराम सायकलवरून उतरला नाही. एक पाय जमिनीला टेकवून तो नुसता बघत राहिला. वासूला मात्र खरोखर हसू आलं. "चार दिले, आठ आले! सुचि, तुला गुरू भेटली." त्याने एक उचलून खाल्ला. "अगं, तुझ्याच हातचा आहे. नाही, तुझ्याहून जरा बरा. तुझा कोरडा होतो कधीकधी."

मी एक हातात घेतला. बेदाणा नीट मधोमध दाबलेला होता. आणि बेदाण्याच्या शेजारी लाडवावर एक आडवी रेघ होती. मी उरलेले सातही लाडू उलटसुलट करून पाहिले. सातांवरही होती.

मी रसायनशास्त्राची बाई आहे. एका परीक्षानळीवरून निष्कर्ष काढत नाही. माझे चार त्यात असतील, आणि कोणी हुशार बाईने त्यांच्याकडे बघून आणखी चार वळले असतील. अर्ध्या तासात? रवा भाजून, पाक करून, मुरवून? मी तो हिशेब तिथेच सोडला. माणूस स्वतःशीसुद्धा किती सभ्यपणे वागतो, नाही?

"ठेवा ते खाली वैनी," दत्ताराम म्हणाला. "रिकामं करू नका, भरू नका. आहे तसं ठेवा आणि यल्ला, चला."

"असं कसं? कोणीतरी आपल्या वाटेत आणून ठेवलंय. अन्न आहे."

लाडू मी आमच्या पिशवीत ओतले. शेवटच्या रांगेतलं शेवटचं घर तेच होतं, कारण फाटकासमोर दत्तारामने घासलेल्या ट्यूबचा काळा चुरा पडला होता आणि जमीन अजून ओली होती. वासूने तो चुरा पाहिला आणि त्याचं हसू गेलं. मी भांड्यात चिवडा भरला. प्रवासात तो जरा सादळला होता, त्याची मला लाजही वाटली. या वेळी दार लगेच उघडलं. हाताने भांडं आत ओढलं. हाताच्या अंगठ्यावर मला एक आडवी रेघ दिसली. मेंदीचीच असणार, असं मी मनात म्हटलं.

४

पुढचे दोन तास मला नीट क्रमाने सांगता येतात, कारण मी ते पुष्कळदा स्वतःला सांगितले आहेत.

डोंगर डावीकडे ठेवून निघालो, तर वस्तीत पोचलो. डोंगर उजवीकडे ठेवून निघालो, तरी वस्तीत पोचलो. मग रस्ता सोडून वाळल्या ओढ्यातून, गोट्यांवरून सायकली खांद्यावर घेऊन चाललो. वासूचा गुडघा सुजला. तो दोनदा बसला. समोर भिंत दिसली, ती पहिल्या रांगेची होती. मीटर एकोणतीस किलोमीटर दाखवत होतं. सूर्य जिथे असायला हवा तिथेच होता, सावल्या नेहमीसारख्या सरकत होत्या. दूरवर मुख्य रस्त्यावरचे ट्रकसुद्धा ऐकू येत होते. वासूने मोबाईल उंच धरून पाहिला. डोंगरात रेंज नव्हतीच.

मला तेव्हा वाटलं ते स्पष्ट सांगते. मला भूत वगैरे काही वाटलं नाही. लहानपणी पाहुणे म्हणून गेलो की "बसा हो, जेवूनच जा" म्हणत चप्पल लपवणाऱ्या बायका असायच्या, त्यांच्या घरी जीव जसा कासावीस व्हायचा, तसं वाटलं. उठावंसं वाटतंय आणि उठणं वाईट दिसेल. मला घरी जायचं होतं. मिहिकाच्या केसांचा वास आठवून मला रडू आलं, आणि मी गॉगल लावला.

भांडं प्रत्येक वेळी रस्त्यावर होतं. पहिल्यांदा आम्ही त्याला हात न लावता वळसा घालून गेलो. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्यांदा वासूने ताटली काढली. भांडं चिवड्याने शिगोशीग भरलं होतं. माझाच चिवडा, तेच खोबऱ्याचे काप, तेच डाळं, पण कुरकुरीत. सादळलेला एक पोहा नव्हता.

"आपण देतो ते परत येतं," दत्ताराम हळू म्हणाला. "सुधारून."

"भावजी, पुरे."

"मी सांगतो वैनी. हे असं नाही मिटायचं. भांडं रिकामं दारात ठेवायचं, पाठ फिरवायची आणि निघायचं. वाईट तर वाईट. समजतील ते."

हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. मला तेव्हाही कळलं होतं की बरोबर आहे. पण मी काय केलं? मी चिवडा पिशवीत ओतला, भांडं पुसलं आणि त्यात घालायला काही मिळतं का म्हणून तिघांच्या पिशव्या उलट्यापालट्या केल्या. आमचं स्वतःचं काहीच उरलं नव्हतं. होतं ते सगळं तिथूनच आलेलं. त्यांचंच त्यांना कसं द्यायचं?

"निदान कोणीतरी आत जाऊन दोन शब्द बोललं पाहिजे," मी म्हटलं. "इतकं देतायत माणसं. रिकामं भांडं दारात टाकून पळायचं, हे माझ्याने होणार नाही."

मीच म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही.

५

वासूने माझ्या हातातून भांडं घेतलं. "बरं बाई. मी जातो. हात जोडून सांगतो की बस झालं, आणि डिब्ब्याचा रस्ताही विचारतो. आत कोणी पुरुष माणूस असेलच."

"भाऊ, नको," दत्ताराम म्हणाला.

"अरे दोन मिनिटं. खाणार आहेत का मला?"

गुडघ्याला लवचीक पट्टा बांधून तो लंगडत फाटकाकडे गेला. आम्ही पंधरा पावलांवर उभे होतो. त्याने टकटक करायच्या आधीच छोटं दार उघडलं. या वेळी पूर्ण उघडलं. वासू उंच होता, त्याला वाकावं लागलं. भांडं छातीशी धरून, मान खाली घालून तो आत शिरला.

तो आत शिरताना त्याच्या बाजूने मला अंगण दिसलं. फार तर दोन सेकंद. घराच्या दाराशी पादत्राणं काढून ठेवलेली होती. लग्नघरापुढे असतात तशी, रांगाच्या रांगा. सपाता, बूट, साइटवर घालायचे सेफ्टी शूज, एका बाईच्या सोनेरी सँडल. धुळीने सगळ्यांचा रंग एकच झाला होता. आत एवढे पाहुणे होते आणि आवाज एकाचाही नव्हता.

दार लागलं आणि एसी बंद पडले. सगळे, एकदम. ती घरघर सकाळपासून कानात इतकी बसली होती की ती गेल्यावर मला कान दुखल्यासारखं झालं. दत्ताराम काहीतरी पुटपुटत होता. मी घड्याळाकडे बघत राहिले. एक मिनिट. दोन. मी हाक मारली, "वासू!" भिंतीला लागून ती परत आली. तीन. चौथ्या मिनिटाला मी फाटकाकडे धावले, आणि तेवढ्यात एसी सुरू झाले. दार उघडलं आणि वासू बाहेर आला.

"झालं," तो म्हणाला. "चला."

त्याच्या हातात भांडं होतं. रिकामं. मी इतकी रडले की मला त्याच्या शर्टाला नाक पुसल्याचंही भान राहिलं नाही. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस सुचि. चांगली माणसं आहेत."

दत्तारामने पुढे होऊन त्याच्या हातातलं भांडं घेतलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, ठेवा, रिकामंच ठेवा, माझी हौस फिटली. त्याने भांडं फाटकाशी पालथं घातलं आणि पाठ फिरवली. आम्ही सायकलींवर बसलो.

शंभरेक पावलं गेलो असू. वासू पुढे होता, मग मी, मागे दत्ताराम. तेव्हा मला भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू आली. तीन सूर, शेवटचा बेसूर.

माझ्या पुढे वासू पेडल मारत होता. त्याची पाठ मला दिसत होती. डोंगरात आवाज घुमतो, सकाळची शिट्टी असेल. दुपार झाली होती तरी. बुलबुल असेल. तिथे बुलबुल असतात, मी पाहिले आहेत. पुन्हा आली, या वेळी घाईघाईने. चुकलेल्या मुलाला गर्दीत आईची पाठ दिसल्यावर ते कसं ओरडतं, तशी.

मी वळून पाहिलं नाही. भीतीने मला इतकं घट्ट धरलं होतं की मला फक्त समोरचा रस्ता हवा होता. दहा मिनिटांत मुख्य रस्ता लागला, त्यावर ट्रक होते, हॉर्न होते, आणि मला आनंद झाला. खरंच झाला.

६

डिब्ब्याच्या आधी एक लांब चढ आहे. वासू तो उभ्याने पेडल मारत चढला. एकदाही विव्हळला नाही. वर जाऊन आमची वाट बघत उभा राहिला. संध्याकाळी हॉटेलवर त्याने गुडघ्याचा पट्टा सोडून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "आता बरंय," म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी त्याने चाकांत हवा भरली. मी स्वयंपाकघरात ओरडायची वाट बघत उभी होते. पंपाचा आवाज येत होता, फक्त पंपाचा.

"शिट्टी नाही आज?" मी विचारलं.

"तुला आवडत नाही ना?" तो म्हणाला.

फेब्रुवारीत त्याने दातांतली फट भरून घेतली. त्याचं बरेच दिवस मनात होतं, हे खरं आहे. फट गेल्यावर तशी शिट्टी वाजणार नाही, हेही खरं आहे. गुडघे बरे होतात. माणसं सुधारतात. मी हे सगळं फळ्यावर लिहावं तसं मनात लिहिते, आणि एकही विधान चुकीचं नसतं.

तो चांगला आहे. ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो. मिहिकाची गणितं घेतो, चिडत नाही, पूर्वी पाच मिनिटांत चिडायचा. मी त्याच्याशी भांडायचा प्रयत्न करते, तर तो माफी मागतो. एकदा मिहिका मला म्हणाली, "आई, व्हाय आर यू ऑलवेज सो रूड टू बाबा?"

दत्तारामने त्याच वर्षी नोकरी सोडली. ईदनंतर तो आमच्याकडे जेवायला एकदाही आला नाही. जायच्या आदल्या दिवशी इमारतीखाली उभा राहून त्याने मला फोन केला आणि मी एकटीच खाली गेले.

"वैनी, तुम्ही पण ऐकलीत ना?"

मी मान हलवली.

"मी ते भांडं रिकामं ठेवायला नको होतं," तो म्हणाला. "उरलेला चिवडा घालून ठेवलं असतं, तर पुन्हा आलं असतं. पुन्हा आलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. मिटवलं मीच." मोठा माणूस, क्रेनने कंटेनर उचलणारा. बाहीने डोळे पुसत तो टॅक्सीत बसला.

मी त्याला सांगितलं नाही की मान मी हलवली होती.

७

ती वस्ती आहे. नाहीशी वगैरे झालेली नाही. मी दर ईदला जाते, ही पाचवी. फाट्यावर आता पेट्रोल पंप आहे, वस्तीत मोहिद्दीन नावाच्या केरळी माणसाचं वाणसामानाचं दुकान आहे. ईदला मुलं नवे कपडे घालून रस्त्यात सायकली फिरवतात. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या घराबद्दल मी मोहिद्दीनला विचारलं होतं. "उधर कोई नहीं रहता मॅडम. खाली है. शुरू से." एसी चालू आहे, मी म्हटलं. त्याने खांदे उडवले.

वासू मला गाडीने नेतो. का जायचं, असं त्याने कधी विचारलं नाही. गाडी फाटकापासून थोडी लांब उभी करतो आणि आत बसून राहतो.

मी स्टीलचा डबा नेते, मरियमबीच्या नि माझ्या फेऱ्यांतलाच. त्यात आठ लाडू, माझ्या अंगठ्याची खूण असलेले. तो छोट्या दाराशी ठेवते, टकटक करते आणि दुकानापर्यंत चालत जाऊन येते. तेवढ्यात डबा आत जाऊन परत बाहेर आलेला असतो. मी झाकण उघडते. चारही वर्षं तेच. डबा घासलेला, पुसलेला, कोरडा आणि रिकामा. आम्ही शिकवलं, ते त्यांना आलं.

मी आत का जात नाही, असं कोणी विचारील. दार आतून कधी बंद नसतं, मी ढकलून पाहिलंय, ते हलतं. मी आत जाऊ शकते. पण मग बाहेर कोण येईल? ती घरी जाईल. लाडू कोरडे करणार नाही. ओरडणार नाही. मिहिकाला ती माझ्यापेक्षा जास्त आवडेल, आणि मिहिकाला कधीच कळणार नाही. म्हणून मी दर वर्षी त्या दारापर्यंत येते आणि तिथेच उभी राहते.

या वर्षी डबा पालथा घातलेला होता.

मी खाली बसले. फाटकाच्या पत्र्याला कान लावला. एसीची घरघर होती, आणि घरघरीच्या आत, अगदी जवळ, पत्र्याच्या पलीकडे हातभर अंतरावर, कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. हळू, धापा टाकत. तीन सूर. शेवटचा बेसूर.

"अरे, सूर तरी बदल," मी म्हटलं.

पलीकडे एकदम शांत झालं. मग पत्र्यावर आतून बोटं टेकल्याचा आवाज आला.

मी वळून गाडीकडे पाहिलं. वासू स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडेच बघत होता. त्याची काच खाली होती, म्हणजे त्यालाही ऐकू गेलं असणार. त्याने बटण दाबून काच सावकाश वर घेतली, पूर्ण, आणि बाजूचं दार माझ्यासाठी उघडलं.

"चल सुचि," तो म्हणाला. "मिहिका एकटी आहे घरी."

ते खरंच होतं. मी डबा उचलला, ओढणीने पुसला आणि मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसले.